मला भाकरीत भाकरीच दिसते

रावेर तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून ते थोडक्यात असं.

वय पंचेचाळिशीच्या आसपास. घरी यजमान, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. थोडी शेती, त्यात केळी. चर्चची मंडळी लहान, मोजक्या कुटुंबांची. दर शनिवारी दुपारी भगिनी मंडळाची प्रार्थनासभा एकेकीच्या घरी भरते आणि तिथे पाळीपाळीने साक्ष द्यायची असते: रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक गोष्टींतून देव माझ्याशी कसा बोलला. कुणाची एसटी चुकते आणि त्यामुळेच नेमकं हवं ते माणूस भेटतं, कुणाची हरवलेली किल्ली प्रार्थना करताच सापडते. ताई लिहितात, "मला असलं काही होतच नाही. मी पहाटे उठून भाकरी थापते, सासूबाईंचं करते, वावरात डबा पोचवते. सगळ्या म्हणतात, लहान लहान गोष्टींत देव बघ. मला भाकरीत भाकरीच दिसते."

गेल्या मृगाच्या तोंडावर वादळ झालं. शेजारच्या शिवारातल्या बागा आडव्या झाल्या. ह्यांची लावण उशिराची होती, ती उभी राहिली. पुढच्याच शनिवारी ह्यांची पाळी होती. एकदाचं काही सांगण्यासारखं मिळालं म्हणून त्यांनी साक्ष दिली की, आम्ही रात्रभर प्रार्थना केली आणि प्रभूने आमच्या बांधावर हात धरला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. जिची बाग पुरती गेली होती ती मैत्रीण समोर सतरंजीवर बसली होती. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर शनिवारी येईनाशी झाली. आणि खरं सांगायचं तर प्रार्थना रात्रभर झालीच नव्हती. थोडा वेळ झाली, मग झोप लागली. तेव्हापासून ताईंना प्रार्थनेला बसलं की कोरडं वाटतं. दूध उतू गेलं, गॅस संपला, तरी ह्यातून देव काय सांगतोय हे शोधत बसायची सवय लागली आहे, आणि हाती काहीच लागत नाही. यजमान म्हणतात, "हवामान आहे ते. देवाला कशाला मधे आणतेस?" नणंद म्हणते, विश्वास कमी पडतो. पुढच्या महिन्यात पुन्हा पाळी आहे. ताईंचा प्रश्न असा: माझ्यात नेमकं काय कमी आहे, आणि साक्ष द्यायची की टाळायची?

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम.

भाकरीत भाकरीच दिसते, हे तुम्ही अपराध कबूल करावा तसं लिहिलंय. मला त्यात अपराध दिसत नाही. पहाटे अंधारात दादर ज्वारीचं पीठ परातीत घेऊन, कढत पाणी ओतून, हाताला चटके बसत असताना ते मळणं, थापताना कड फाटू न देणं, तव्यावर पाण्याचा हात फिरवून ती वेळेवर उलटणं, मग जाळावर धरून फुगवणं, ह्यात लक्ष भाकरीवरच असायला हवं. नाहीतर ती करपते. मन लावून केलेल्या कामात ते काम तेवढं दिसणं हा अविश्वास नव्हे. तुम्हाला कुणीतरी, कदाचित प्रेमानेच, असं शिकवलंय की वस्तूच्या आड काहीतरी दडलेलं असतं आणि जिचा विश्वास पक्का तिला ते दिसतं. आधी हे तपासून पाहू.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला, त्यांत परमेश्वर नव्हता. मग शांत, मंद वाणी आली. लहान गोष्टींत देव बघा असं सांगताना ही गोष्ट हमखास काढतात. पण 1 राजे 19 चा आरंभ सभेत फारसा कुणी वाचत नाही. एलीया थकलेला आहे, जीव मुठीत धरून पळालेला आहे, रानातल्या एका झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. त्याला झोप लागते. देवदूत येऊन त्याला हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं आहे. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायलाच सांगतो, कारण पुढची वाट लांबची आहे. त्या भाकरीचा अर्थ काय, असं एलीया विचारत नाही आणि देवदूतही समजावत बसत नाही. भुकेल्या माणसाला भाकर मिळाली. मंद वाणीचं प्रकरण त्यानंतरचं.

पुनरुत्थानानंतर प्रभूने शिष्यांना तळ्याकाठी गाठलं तेव्हाही असंच. योहानाच्या 21 व्या अध्यायात त्याने कोळशाचा विस्तव पेटवून ठेवला आहे, त्यावर मासळी आहे, जवळ भाकर आहे, आणि रात्रभर जाळी ओढून दमलेल्या माणसांना तो आधी न्याहारीला बोलावतो. पेत्राशी जे अवघड बोलणं करायचं होतं ते खाणं झाल्यावर केलं. मरणावर मात करून आलेल्या प्रभूने चूल पेटवली होती, एवढ्यानेसुद्धा तुमच्या पहाटेला मोल येतं. त्यात वेगळा संदेश शोधायची गरज नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. प्रभूने रोजच्या गोष्टींतून शिकवलं हे खरंच. खमीर, मोहरी, दिवा, जाळं, हरवलेलं नाणं शोधायला घर झाडणारी बाई, पेरणारा शेतकरी. नासरेथात सुतारकाम करणारा हा माणूस साधारण 30 वर्षांचा होईपर्यंत लोकांसमोर आलाच नाही. तेवढी वर्षं त्याने हेच सगळं पाहिलं असणार. पण त्याने कुठली उदाहरणं उचलली ते नीट बघा. जी गोष्ट सगळ्यांच्या घरी, रोज, सारखीच घडते तीच. खमीर सगळ्यांच्याच पिठात फुगतं. बी चांगल्याच्याही शेतात उगवतं आणि वाईटाच्याही. डोंगरावरच्या प्रवचनात तर तो स्पष्टच म्हणतो की, पिता दुष्टांवर आणि चांगल्यांवर आपला सूर्य उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. रोजच्या जगण्यातून देवाकडे बोट दाखवताना त्याने सगळ्यांना मिळालेलं दाखवलं.

आपल्या साक्षींत मात्र बहुतेकदा उलटं होतं. एसटी चुकली ती माझी, किल्ली सापडली ती माझी, बाग वाचली ती माझी. सगळ्यांना मिळालेलं आपल्याला साक्षीजोगं वाटत नाही. इतरांना न मिळता मला मिळालं की ते वाटतं. तुम्हाला महिनोन्‌महिने सांगायला काही मिळालं नाही ह्याचं कारण हेच असावं. तुमच्याकडे जे आहे ते सगळ्यांकडे आहे. आणि ज्या दिवशी फक्त तुमच्याकडे उरेल असं काही घडलं त्या दिवशी तुम्हाला साक्ष सापडली. ह्यात तुमचा एकटीचा दोष नाही, ह्या साच्यात आपण सगळ्याच बसलोय.

वादळाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या मनात अडकलेलं तिथेच आहे. माझं माहेर भुसावळचं, तेव्हा बागा आडव्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे. पानांच्या देठांचे पापुद्रे एकमेकांवर गुंडाळून ते उभं राहतं, आत बहुतांशी पाणीच. त्यावर 25-30 किलोचा घड लोंबत असेल तर वाऱ्याच्या एका तडाख्यात ते मधूनच मोडतं, बांबूचा टेकू असला तरी. म्हणून निसवलेली, घडांनी भरलेली बाग आधी जाते. टिश्यू कल्चरची लावण कापणीला यायला 11-12 महिने लागतात, आणि मृगाची लावण ऐन कापणीला येते तेव्हाच ह्या भागात वादळ-गारपिटीचे दिवस असतात. न निसवलेल्या, उशिराच्या लावणीची पानं फाटून चिंध्या होतात, पण खोड वाकून पुन्हा सावरतं. तुमची लावण उशिराची होती असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुमच्या मैत्रिणीचं नुकसान झालं ते तिची बाग पुढे होती म्हणून. तिने वेळेवर लावण केली होती, खत-पाणी केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधावर गेली असेल तेव्हा वर्षभराची मेहनत हिरवीच मातीत पडलेली असेल, कोवळे घड कुठला व्यापारी घेतो? मग तलाठ्याची आणि कृषी सहायकाची वाट बघणं, पंचनामा, पीकविम्याची कागदपत्रं. आणि शनिवारी सतरंजीवर बसून ऐकणं, की प्रभूने अमक्यांच्या बांधावर हात धरला. ह्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कुणी उच्चारला नाही. तिला तो ऐकू आला असणार: मग माझ्या बांधावरून त्याने हात काढून घेतला.

प्रभूसमोर हाच प्रश्न आला होता. लूकच्या 13 व्या अध्यायात तो स्वतःच शिलोहातल्या बुरुजाची गोष्ट काढतो. बुरूज पडून 18 माणसं मेली होती. तो विचारतो, यरुशलेमेत राहणाऱ्या बाकीच्या सगळ्यांपेक्षा ती जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. मग ऐकणाऱ्यांना सांगतो की तुम्ही स्वतःकडे बघा, पश्चात्ताप करा. जन्मांध माणसाविषयीही शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? त्याने दोन्ही नाकारलं आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावला. बुरुजाखाली सापडलेले जास्त पापी नव्हते, तर न सापडलेले जास्त नीतिमान होते असंही म्हणता येत नाही. आपण पहिला भाग मान्य करतो आणि दुसरा नकळत सोडून देतो.

कुणी म्हणेल, मग स्तोत्र 91 चं काय? तुझ्या बाजूस सहस्र पडले तरी ते तुझ्याजवळ येणार नाही, हे वचन आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. वादळाच्या रात्री ते जरूर म्हणावं. भीतीत बुडालेल्या माणसाच्या ओठी ते विनवणीसारखं येतं, आणि देव विनवणी ऐकतो. पण वादळ गेल्यावर तेच वचन पुरावा म्हणून मांडलं की ते शेजारणीच्या विरुद्ध जातं. अरण्यातल्या परीक्षेत सैतानाने प्रभूपुढे ह्याच स्तोत्रातल्या ओळी टाकल्या होत्या, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील म्हणून. प्रभूने त्या स्तोत्राचा तसा वापर करायला नकार दिला, हेही मत्तयाने लिहून ठेवलंय.

तर मग तुमचे यजमान म्हणतात तेच बरोबर का, सगळं हवामान? निम्मं बरोबर. बाग का वाचली ह्याचं कारण लावणीच्या तारखेत आहे, हे मान्य करायला लाजू नका. कारण कळलं म्हणजे आभार मानायची सोय गेली, असं मात्र नाही. मार्काच्या 4 थ्या अध्यायात एक लहानसा दाखला आहे. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. तुम्हालाही वादळाच्या रात्री झोप लागली. त्याची तुम्हाला लाज वाटते म्हणून तुम्ही 'रात्रभर' हा शब्द घातला. ताई, दिवसभर राबलेल्या माणसाला झोप लागते, आणि त्या दाखल्यातल्या शेतकऱ्याला झोपला म्हणून कुणी बोल लावलेला नाही. बाग वाचल्याबद्दल देवाचे आभार मानायचेच. फक्त ते तुम्ही आणि देव ह्यांच्यात माना, आणि सभेत बोलायचं तर आधी समोर कोण बसलंय ते बघून बोला. लूकच्या 18 व्या अध्यायातल्या परूशाची प्रार्थनासुद्धा आभाराचीच होती. दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे बघत तो म्हणाला की मी ह्याच्यासारखा नाही म्हणून तुझे आभार. तुम्ही परूशी नाही, नाहीतर हे पत्र लिहिलंच नसतं. पण ती वाट आपल्या सगळ्यांच्या पायाखाली आहे.

देव कुणा एकाला व्यक्तिशः काही सुचवतच नाही, असं मी म्हणत नाही. त्याने सुचवलेलं आहे, सुचवतोही. पण पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की सगळ्या गोष्टींची पारख करा आणि चांगलं ते धरून ठेवा. माझ्यापुरती मी पारख अशी करते: ह्या घडलेल्या गोष्टीचा जो अर्थ मला लागलाय तो मला माणसाच्या जवळ नेतो की माणसापासून लांब? किल्ली सापडल्यावर एखादीला वाटलं की देव माझी काळजी घेतो, आणि त्या बळावर ती आजारी जावेला भेटायला गेली, तर तो अर्थ धरून ठेवावा. तोच अर्थ लावून तिला वाटलं की मी देवाची लाडकी आणि दुसरी नाही, तर सोडून द्यावा, मग तो कितीही गोड वाटो. दूध उतू गेलं ह्याचा अर्थ बहुतेक वेळा आच मोठी होती एवढाच असतो. तिथे थांबलात तरी देवाला राग येणार नाही.

तुमच्या नणंदबाईंचं म्हणणं मी वाचलं आणि मला मत्तयाच्या 25 व्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग आठवला. राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं. तान्हेला होतो, पाणी दिलं. आजारी होतो, माझा समाचार घेतला. त्यावर ते नीतिमान लोक काय म्हणतात? प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? हे सगळ्यांनी नीट वाचावं असं मला फार वाटतं. त्यांना दिसलाच नव्हता. भुकेल्यात त्यांना भुकेला माणूस दिसला आणि आजाऱ्यात आजारी माणूस. त्यांनी वाढलं, पाणी दिलं, शेजारी बसले. राजाने त्यांना विचारलं नाही की मी तुम्हाला ओळखू का आलो नाही. तुम्ही दोन वर्षं सासूबाईंना कूस बदलून देताय, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावताय, त्यांचं अंथरूण बदलताय, भाकरी दुधात कुस्करून भरवताय, आणि त्यात तुम्हाला फक्त सासूबाई दिसतात. त्या पंक्तीतल्या माणसांचंही असंच होतं.

आता रोज काय करायचं ते. तुमच्यासारख्याच आणखी कितीतरी जणींना, नंदुरबारपासून रावेरपर्यंत, उपयोग होईल म्हणून लिहिते.

दिवसा अर्थ शोधणं काही काळ अगदी बंद करा. घडत असताना अर्थ लागत नाही हे अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांनाही कळलं होतं. प्रभू बरोबर चालत होता, बोलत होता, त्यांना पत्ता नव्हता. संध्याकाळी भाकर मोडली तेव्हा ओळख पटली, आणि मग ते म्हणाले की वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण पेटलं नव्हतं काय? म्हणजे मागे वळून. 16 व्या शतकात इग्नाशियस लोयोला यांनी दिवसाकडे मागे वळून पाहण्याची एक साधी प्रार्थना आपल्या सोबत्यांना लावून दिली होती. ते कॅथलिक, आणि आपल्या मंडळ्यांत त्यांचं नाव फारसं घेत नाहीत, पण ही रीत कुणालाही जमते. निजायच्या आधी अंथरुणावर बसून दिवस सकाळपासून आठवायचा. आज मला काय मिळालं? आज मी कुणापासून तोंड फिरवलं? पहिल्यासाठी आभार, दुसऱ्यासाठी क्षमा, आणि उद्यासाठी बळ मागायचं. पाच-दहा मिनिटं पुरतात. 'काय मिळालं' ह्यात सगळ्यांना मिळतं ते मोजा: नळाला पाणी आलं, लाइट होती म्हणून रात्री मोटार चालली, सासूबाईंनी आज दोन घास जास्त खाल्ले, 45 अंशांच्या दुपारी झाडाखाली वारा लागला. काही आठवलं नाही तर तसं सांगून झोपा. आणि झोप आलीच तर येऊ द्या.

भाकरी करताना प्रार्थना करायची असेल तर अर्थाच्या मागे न लागता करता येते. प्रत्येक भाकरी ज्याच्या ताटात जाणार त्याचं नाव घ्या. ही सासूबाईंची, ही मुलाची, ही सालदाराची. एखाद्या दिवशी एक भाकरी मैत्रिणीच्या नावाने थापा. रोजच्या भाकरीची जी प्रार्थना प्रभूने शिकवली तीही सगळ्यांसाठी मिळूनच मागायची आहे. 17 व्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू मुदपाकखान्यात काम करत. त्यांना त्या कामाची मुळात नावड होती, हे मला मुद्दाम सांगायचंय. तरी प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्यांनी वेगळी ठेवली नाही. हातातलं काम देवावरच्या प्रेमासाठी करायचं, एवढंच त्यांनी धरलं. पुढे पाय अधू झाल्यावर ते मठातल्यांच्या वहाणा दुरुस्त करत बसले. त्यांना कढईत दर्शन झालं असं कुणी सांगत नाही.

कोरडेपणाबद्दल थोडंसं. दोन वर्षं अंथरुणावरच्या माणसाची सेवा, पहाटेची चूल, वावर, आणि वर मनाला लागलेली टोचणी. एवढ्यावर कुणीही कोरडं पडेल. आठवड्यातून एक दुपार मुलाला किंवा यजमानांना सासूबाईंजवळ बसवा आणि झोपा. नणंदबाई येतात तेव्हा त्यांनाही बसवा. झोप, भूक दोन्ही उडाली असतील आणि आठवडेच्या आठवडे रडू येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वासाचा प्रश्न आणू नका. स्तोत्रं वाचायची तर 88 वं वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

आता साक्षीचं. पाळी टाळावी, असं तुम्हाला वाटतं. टाळता येईल, कुणी जबरदस्ती करणार नाही. पण मंडळी एवढी लहान आहे की टाळणंही दिसेल, आणि मैत्रिणीला वाटेल की प्रकरण मिटवून टाकलं. दुसरा मार्ग म्हणजे काहीतरी गोड, निरुपद्रवी सांगून मोकळं होणं. ते तुम्हाला आता जमायचं नाही, तुमचं मन राजी होणार नाही, आणि ते होऊही नये. खान्देशात अलायन्स आणि स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन ह्या परदेशी मिशनरी संस्थांच्या लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मंडळ्या उभ्या केल्या तेव्हापासून साक्ष आपल्याकडे आहे. त्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी जणांनी साक्ष दिली ती घरच्यांचा, भाऊबंदांचा रोष पत्करून. तिला आपण दर आठवड्याचं कौतुक करून ठेवलं, हे मला बोचतं. सभा चालवणाऱ्या भगिनींनाही माझी विनंती आहे की 'देवाने तुझ्यासाठी काय केलं' ह्याबरोबर 'ह्या आठवड्यात तू कुणासाठी प्रार्थना करतेस' आणि 'तुला काय कळत नाहीये' हेही विचारत जा. मग ज्यांच्याकडे सांगायला काही नाही त्या गप्प बसणार नाहीत, आणि ज्यांची बाग गेली त्याही बोलतील.

पण सभेच्या आधी मैत्रिणीकडे जा, ताई. तुमच्या पत्रात ती गप्प बसली, यायची थांबली, एवढंच आहे. तिने पुन्हा लावण केली का, भरपाईचे पैसे आले का, तिच्या मुलांच्या फीचं काय झालं, ह्यातलं काहीच नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे का? नसेल तर तेच विचारायला जा. एकट्या जा, नणंदेला किंवा पाळकीणबाईंना बरोबर नेऊ नका. हातात बायबल नको. लिंबं, वांगी, जे घरात असेल ते न्या. शिकवण देऊ नका, देवाची योजना काढू नका, आमचंही पुढे नुकसान झालं असं तोलू नका. एवढंच म्हणा, "त्या दिवशी मी जे बोलले ते तुझ्यासमोर बोलायला नको होतं. आणि रात्रभर प्रार्थना केली हेही खरं नव्हतं." मग तिला बोलू द्या. ती रागावली तर ऐकून घ्या. ती चहा ठेवून विषयच टाळेल, असंही होईल. तसं झालं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, कामाला. तिच्याकडे केळीची पिलं काढायची असतील, पापड-बिबडे घालायचे असतील, तर दोन तास हात लावा.

आणि पाळीच्या आधी तिला सांगून ठेवा की मी सभेत हे दुरुस्त करणार आहे. तिला चालत असेल तर दोन्ही गोष्टी सांगा. तिला नको असेल तर तिचं नाव, तिची बाग, काहीच काढू नका. आपण रात्रभर जागलो नव्हतो एवढं सांगा, वादळात ज्यांचं ज्यांचं गेलं त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सगळ्यांना सांगा, आणि खाली बसा.